मेस्त्रीच्या वेळेचा हिशोब कुणाकडं आहे?

एप्रिल लागला की आमच्या डिपार्टमेंटच्या प्रिंटरचे हाल सुरू होतात. सेकंड इयरच्या प्रत्येक पोराला कंपनीत करायच्या ट्रेनिंगचं लेटर हवं असतं, तेही एक नाही तीन-चार, कारण एका कंपनीनं गेटवरूनच परत लावलं तर दुसरीकडं लगेच देता यायला पाहिजे, आणि कंपनीच्या नावात एक अक्षर चुकलं की परत प्रिंट, परत सही, परत शिक्का. मी सांगलीकडच्या एका पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकलला शिकवते आणि ट्रेनिंगचं सगळं लफडं माझ्याकडं आहे. आधी आय स्कीममध्ये, म्हणजे जुन्या अभ्यासक्रमात, हे ट्रेनिंग सहा आठवड्यांचं होतं, २०२३-२४ पासून एमएसबीटीईची, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची, नवी के स्कीम आली आणि ते १२ आठवड्यांचं झालं. तेव्हा स्टाफरूममध्ये सरळ दोन तट पडले. एक म्हणाला बरं झालं, सहा आठवड्यात पोरगं फक्त कंपनीचा रस्ता शिकतं. दुसरा म्हणाला, सहा आठवडे पोरं डिबरिंग, म्हणजे तुकड्यांच्या कडा घासायचं काम, करायची, आता बारा आठवडे करतील. दोघांचंही खरं निघालं.

आता हे बारा आठवडे कामाचे का आहेत ते आधी सांगते, कारण तक्रारी नंतर भरपूर येणार आहेत.

वर्गात आम्ही फिट्स अँड टॉलरन्सेस, म्हणजे मापात किती सूट चालते ते, शिकवतो. १०० एमएमचा एच ७ बोअर (भोक) म्हणजे वरची सूट ३५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे एमएमचा हजारावा भाग), खालची शून्य. टेबलातून बघायचं, वहीत लिहायचं, पेपरात उतरवायचं, मार्क घ्यायचे. मागं एक पोरगा कुपवाड एमआयडीसीत एका मशीन शॉपला होता, साधं शॉप, थोडी सीएनसी, थोडी व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन, आजूबाजूच्या मोठ्या कंपन्यांचे जॉब करणारं. त्यानं मशीनमधून नुकताच निघालेला स्टीलचा रिंगसारखा जॉब, म्हणजे घडवलेला तुकडा, उचलला, बोअर गेज लावला, रीडिंग जास्त आलं, हा आपला रिजेक्शनच्या लाल ट्रेमध्ये टाकायला निघाला. तिथल्या सेटर मामांनी, म्हणजे मशीन लावून देणाऱ्या माणसानं, हात धरला आणि म्हणाले, ठेव, चहा पिऊन ये. चहा पिऊन आल्यावर तोच जॉब, तोच गेज, आणि रीडिंग लिमिटमध्ये. तर झालं काय होतं, स्टीलचा १०० एमएमचा जॉब दहा डिग्रीनं जास्त तापलेला असला तर साधारण १२ मायक्रॉननं फुगतो, म्हणजे ३५ मधले १२ नुसत्या उष्णतेनं खाल्ले. मापं २० डिग्रीला धरायची असतात हे आम्ही मेट्रॉलॉजीत पहिल्याच आठवड्यात सांगतो. त्यानं ते ऐकलेलंही होतं. पण ते २० डिग्री म्हणजे आपल्या हातातल्या या गरम तुकड्याबद्दल चाललंय हे त्याला त्या चहापाशी कळलं. नंतर व्हायवाला एक्सटर्नलनी थर्मल एक्सपान्शन विचारलं तर हा पठ्ठ्या दहा मिनिटं थांबेना, मला खुणेनं थांबवावं लागलं.

असं शिकणं वर्गात होत नाही, कितीही चांगला प्रोजेक्टर आणा.

पण मी त्या गोष्टीत बघते ते वेगळंच. मामांनी हात धरला, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट. मामांकडं दोन मशीन होत्या, दोन्हीचं टार्गेट होतं, शिफ्टच्या शेवटी बोर्डावर आकडा लिहायला लागतो, आणि त्या सगळ्यात एका कॉलेजच्या पोराला थांबवून हे दाखवायचं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याचे पैसे नाहीत, त्याचा वेळ कुणी धरलेला नाही, अप्रेझलमध्ये त्याचा रकाना नाही. त्या दिवशी दुसराच कुणी शिफ्टला असता तर जॉब लाल ट्रेमध्ये गेला असता, पोराला शिवी बसली असती आणि दुसऱ्या दिवसापासून पॅकिंगला उभा केला असता. आमच्या बारा आठवड्यांच्या स्कीमचा सगळा डोलारा अशा माणसांच्या मूडवर उभा आहे.

आणि पॅकिंगला उभी केलेली पोरं मी भरपूर बघितलीत. डिबरिंग, म्हणजे जॉबच्या कडेला राहिलेली धारदार बर कानसेनं नाहीतर स्क्रॅपरनं काढायची. याच्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे, पोरांना आवडत नाही. पहिले आठ-पंधरा दिवस डिबरिंग करायला काहीच हरकत नाही, उलट करावंच. बर कुठल्या कडेला येते, आज कालच्यापेक्षा जाड का आली, इन्सर्ट, म्हणजे कापणारं टोक, घासला का, फीड, म्हणजे टूल सरकायचा वेग, वाढवलाय का, हे सगळं त्या बरीत वाचता येतं. फक्त ते वाचायला कुणीतरी शेजारी बसून दाखवायला पाहिजे. नाहीतर बारा आठवडे कानस चालवून पोराच्या डायरीत रोज एकच ओळ, 'टुडे आय डिड डिबरिंग'. अशी एक डायरी माझ्या कपाटात आहे, तारखा तेवढ्या बदलत जातात. बिचाऱ्यानं निदान खोटं लिहिलं नाही.

खोटं लिहिणारे वेगळे. स्वतःच्या मामाच्या, आत्तेभावाच्या, शेजारच्या ओळखीच्या वर्कशॉपचं लेटरहेड आणायचं, घरी बसायचं, शेवटी सर्टिफिकेट आणि पीपीटी. कॉपी केलेला रिपोर्ट तर वाचल्यावर लगेच कळतो, कारण कंपनी कोल्हापूरची आणि ऑर्गनायझेशन चार्टमध्ये प्लांट हेड गुजरातचा निघतो. व्हायवाला मी आता मशीनचे प्रश्न आधी विचारतच नाही, विचारते, चहा किती वाजता यायचा, टॉयलेट कुठल्या बाजूला होतं, मशीनवर सोडतात त्या कूलंटचा वास कसा असतो. जो गेलेला असतो तो तोंड वाकडं करून सांगतो की जुन्या कूलंटचा वास आंघोळ केल्यावरसुद्धा हाताचा जात नाही. न गेलेला म्हणतो, मॅडम, वास चांगला असतो. बस.

कंपनीवाल्यांची बाजू पण सांगायला पाहिजे, नाहीतर मी पण सेमिनारवाल्यांसारखी एकतर्फी बोलायला लागेन. लहान व्हेंडर असतो, वीस-पंचवीस माणसं, त्याच्या वरच्या कंपनीनं डिलिव्हरी लेट झाली की पेनल्टी लावायची तयारी ठेवलेली. त्याच्याकडं पोरगं गेलं आणि मशीनला टूलचं माप सांगणाऱ्या ऑफसेटमध्ये डेसिमल चुकीच्या जागी टाकला तर टूल सरळ जॉब धरणाऱ्या चकवर आदळतो, मग चक फिरवणारा स्पिंडल गेला तर मशीन किती दिवस बंद राहील सांगता येत नाही. हात अडकला तर वेगळंच संकट. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका फाउंड्री मालकांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, मॅडम, सहा आठवड्यात पोरगं आम्हाला ओझं असतं, आठव्या-नवव्या आठवड्यात कुठं हाताशी येणार, आणि त्याच्या आधीच तुम्ही त्याला परत बोलवता. म्हणजे बारा आठवडे केले ते त्यांच्याही हिशोबानं बरंच आहे. पण पहिले आठ आठवडे ओझं वाहणारा जो त्यांचा माणूस, त्याची सोय त्यांनीही केलेली नाही आणि आमच्या सिलॅबसनंही नाही.

फाउंड्रीवरून आठवलं. कोल्हापूर भागात कास्टिंगचं काम केवढं चालतं ते सांगायला नको, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल. तिथं पोरं पाठवायची म्हणजे मला फार हौस, कारण धातू वितळलेला डोळ्यांनी बघितल्याशिवाय मेटलर्जी डोक्यात जात नाही. पण वर्षानुवर्षं रात्रीची वीज स्वस्त म्हणून कितीतरी ठिकाणी इंडक्शन भट्ट्या रात्री चालायच्या, आणि आमची पोरं जनरल शिफ्टला, नऊ ते साडेपाच. त्यांना दिवसा दिसणार काय, तर गार झालेले मोल्ड, वाळू, फेटलिंगचा, म्हणजे कास्टिंग साफ करायचा, आवाज आणि धूळ. एका पोरानं सगळं ट्रेनिंग फाउंड्रीत काढलं आणि एकदाही ओतकाम बघितलं नाही. मी एचआरला फोन केला, निदान दोन रात्री त्याला थांबू दे. ते म्हणाले पॉलिसीत बसत नाही, ट्रेनी रात्री नको. त्यांचं बरोबर होतं, अपघात झाला तर कोण निस्तरणार. आणि माझंही बरोबर होतं. असल्या भांडणात कुणीच जिंकत नाही.

मुलींचं तर विचारूच नका. मेकॅनिकलला मुली तशा कमीच, ज्या आहेत त्या जिद्दीनं आलेल्या असतात, आणि शॉप फ्लोअरला लेडीज टॉयलेट नाही एवढ्या एका कारणावर त्यांना परत पाठवलेलं मी बघितलंय. मग त्या जातात डिझाइनला नाहीतर क्वालिटीच्या केबिनमध्ये, एसीत, सीएमएम या मापं घेणाऱ्या मशीनपाशी. सीएमएम शिकायला मिळतं हे चांगलंच, पण ज्या वर्कशॉपसाठी तिनं घरी भांडून मेकॅनिकल घेतलं ते काचेच्या पलीकडंच राहतं. मी स्वतः ज्या काळात शिकले तेव्हाही काच होती, आता फक्त ती जास्त स्वच्छ पुसलेली असते एवढंच.

पैशाचा घोळ वेगळाच आहे आणि तो पोरांच्या डोक्यात कायम राहतो. डिप्लोमा चालू असताना जे ट्रेनिंग करायचं त्यात स्टायपेंड द्यायलाच पाहिजे असं बंधन कंपनीवर नाही, दिलं तर दिलं. डिप्लोमा झाल्यावर १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याखाली जे लागतात त्यांची गोष्ट वेगळी, तिथं ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला अडीच ते पंधरा टक्के अ‍ॅप्रेंटिस घ्यावेच लागतात, आणि २०१९ च्या नियमांनी डिप्लोमावाल्याला महिन्याला किमान ८००० रुपये ठरवले. २०२४ ला राज्याची युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, बारावीला ६०००, आयटीआय-डिप्लोमाला ८०००, पदवीला १००००. त्याच वर्षी केंद्राची पीएम इंटर्नशिप आली, महिना ५०००. पोरं हे सगळं एकाच व्हॉट्सअप ग्रुपवर वाचतात आणि मला येऊन विचारतात, मॅडम आपले आठ हजार कधी येणार. मग मी समजावते की बाबा ते तुझे नाहीत, तुला मिळालं तर डबा आणि बसचे पैसे मिळतील. त्याचं तोंड बघवत नाही, कारण तो पेठ नाक्याहून नाहीतर जतहून येणारा, घरी जूनमध्ये पेरणी, बाप म्हणतोय कंपनीत फुकट राबण्यापेक्षा रानात ये. चाकण-भोसरीला जायचं तर कॉट बेसिसवर खोली, मेस, गुरुवारची सुट्टी, आणि बारा आठवडे घरून पैसे मागायचे. ज्यांच्या घरून येतात ते मोठ्या कंपनीत जातात. ज्यांच्या येत नाहीत ते गावाजवळच्या ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये ट्रेनिंग करतात, आणि खरं सांगू का, त्यातली काही मोठ्या कंपनीवाल्यांपेक्षा जास्त शिकून येतात. गॅरेजवाला मेस्त्री एकटा असतो, त्याला हाताखाली माणूस पाहिजेच असतो, मग तो शिकवतो. शिकवल्याशिवाय त्याचंच काम अडतं. मोठ्या प्लांटमध्ये पोराशिवाय कुणाचंच काही अडत नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुनी माणसं अजून म्हादबा मेस्त्री या जुन्या कारागिराचं नाव काढतात, तिथं कारागिरी अशीच हाताखालून हाताखाली गेली. आणि आमच्या सांगली जिल्ह्यातच किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हीजेटीआयमध्ये शिकवायला होते हे पोरांना माहीत नसतं, मी मुद्दाम सांगते. म्हणजे मूळचा मास्तर माणूस. नोकरी सोडली, बेळगावला सायकलचं दुकान चालवलं, पुढं नांगर केले, आणि १९१० ला औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा केला. आजूबाजूच्या खेड्यातल्या, कधी कारखाना न बघितलेल्या माणसांना घेऊन केला. त्यांना शिकवावंच लागलं, तयार माणसं आणणार कुठून.

बाहेर लोकांनी या शिकवण्याची व्यवस्था कशी लावली ते बघितलं की आपलं काय निसटलंय ते कळतं. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाच्या प्राध्यापकानं १९०६ ला हा प्रकार सुरू केला, २७ विद्यार्थी घेऊन. त्याची युक्ती मला फार आवडते. पोरांच्या जोड्या लावायच्या, एक आठवडा एकजण कारखान्यात आणि दुसरा कॉलेजात, पुढच्या आठवड्यात उलटं. म्हणजे कंपनीची मशीन मोकळी राहत नाही, आणि पोरगं सोमवारी वर्गात येतं तेव्हा त्याच्या डोक्यात शनिवारचा अडलेला प्रश्न ताजा असतो. आमचं काय, तर बारा आठवडे सलग बाहेर, परत येईपर्यंत प्रश्नही विसरलेले, आणि मी पुढच्या सेमचं पोर्शन घेऊन उभी. आपल्याकडं पिलानीच्या बिट्सनं १९७३ पासून प्रॅक्टिस स्कूल चालवलंय, त्यात कंपनीच्या ठिकाणी विद्यार्थ्यांबरोबर त्यांचा शिक्षकही नेमलेला असतो. आणि जर्मनीत कंपनीला शिकाऊ मुलं घ्यायची तर तिथं शिकवणाऱ्या माणसाची वेगळी परीक्षा आहे, कामात हुशार असून भागत नाही, शिकवता येतं का तेही तपासतात. पिलानीत आणि जर्मनीत शिकवणारा कोण हे आधी ठरवलंय.

आमच्या फॉर्ममध्ये इंडस्ट्री मेंटॉर असा एक रकाना आहे खरा. त्यात नव्वद टक्के वेळा एचआरचं नाव असतं, ज्यानं पोराला जॉइनिंगच्या दिवशी सेफ्टी शूज दिले आणि शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट दिलं, मधे कधी दिसला नाही. कॉलेज मेंटॉर म्हणजे आम्ही. एका मास्तराकडं वीसेक पोरं, कुपवाडपासून चाकणपर्यंत पसरलेली. व्हिजिटला गेलं की गेटवर मोबाइल जमा, व्हिजिटर पास, एचआरच्या केबिनमध्ये चहा-बिस्किट, मग पोराला तिथंच बोलवून घेतात. इस्त्रीचा शर्ट घालून येतं ते. कसं चाललंय, चांगलं चाललंय मॅडम. फोटो काढायचा, फाइलला लावायचा. एकदा मी म्हटलं मला याची जागा बघायचीय जिथं हा उभा राहतो, तर एचआरवाल्याला वाटलं मी इन्स्पेक्शनला आलेय. शेवटी नेलं, पण पिवळ्या पट्ट्यांच्या आतून, लांबून.

एका मालकानं मात्र एक काम केलं, फार साधं. वर सांगितलेल्या त्या कुपवाडच्या शॉपमध्येच. मामांनी पोराला शिकवलेलं त्यांच्या कानावर गेलं, आणि पुढच्या वर्षी पोरं आली तेव्हा त्यांनी मामांच्या टार्गेटमधून फर्स्ट शिफ्टचा पहिला तास काढून टाकला. बोर्डावर त्या तासासमोर 'ट्रेनिंग' असं खडूनं लिहिलं. बाकी काही नाही, स्टायपेंड वाढवला नाही, उद्घाटन केलं नाही. त्या तासात मामा पोरांना एक मशीन उघडून दाखवायचे, कधी घासलेला इन्सर्ट नव्याशेजारी ठेवायचे, कधी आदल्या दिवशीचा लाल ट्रे टेबलावर ओतून एकेक जॉब का रिजेक्ट झाला ते पोरांनाच सांगायला लावायचे. मालकांना मी विचारलं, परवडतं का? म्हणाले, दहा-पंधरा जॉब कमी निघतात मॅडम, पण पोरांनी दिवसभरात वाया घालवलेले जॉबही कमी झाले, कुठं जास्त गेलं कुठं कमी मी मोजलेलं नाही. मोजलेलं नाही हे त्यांनी स्वतः सांगितलं म्हणून मला खरं वाटलं.

तेव्हापासून आमच्या लेटरमध्ये मी एक ओळ घातलीय, की विद्यार्थ्याला प्रत्यक्ष शिकवणाऱ्या ऑपरेटरचं किंवा सेटरचं नाव आणि त्याला त्यासाठी दिलेला वेळ कळवावा. एचओडी म्हणाले कशाला अशी ओळ, कंपन्या आधीच नाही म्हणतात. काही म्हणाल्याही. एकीनं परत जनरल मॅनेजरचंच नाव पाठवलं, वेळ 'अ‍ॅज पर रिक्वायरमेंट'. पण दोन-तीन ठिकाणांहून खरंच एखाद्या ऑपरेटरचं नाव येतं, कधी अर्धा तास, कधी शनिवारचा एक तास, आणि मी पोरांना आधी तिथं भरते, कंपनी कितीही लहान असली तरी. पोरं कुरकुरतात कारण रेझ्युमेवर मोठं नाव हवं असतं. हवं असतं ते मला कळतं, त्यांनाही नोकरीच शोधायचीय, आणि इंटरव्ह्यूला समोरचा माणूस कंपनीचं नाव ऐकून मान हलवतो, सेटरचं नाव ऐकून नाही.

यंदाची यादी पाठवायच्या आधी मामांना फोन केला होता. म्हणाले, पाठवा की मॅडम, पण जूनच्या पहिल्या आठवड्यात नको, कस्टमरचं ऑडिट आहे, सगळे पिसाळल्यासारखे फिरत असतात, त्यात पोरांकडं बघायला होत नाही. आणि ती सेफ्टी शूजची साइज आधी कळवा, मागच्या वेळी एकाला दहा नंबर लागत होता आणि स्टोअरला नऊच होता.